तेबिके इथे आहे

बटण दाबून

"तारावा बोलतोय. सगळ्या बेटांना मौरी. ताप, पुरळ, जुलाब, खोकला, जे असेल त्याचा आकडा सांगा. नसेल तर नाही म्हणा. आणि थोडक्यात सांगा, माझा चहा निवतोय. ओनेतेआ?"

"ओनेतेआ काही नाही. तुझा चहा रोज निवतो, काबूता. बायको बदल. ओव्हर."

"बायको इथे शेजारीच बसून ऐकतेय. तेबिके?"

"तेबिके काही नाही. ओव्हर."

"तिरोया, थांब, जाऊ नकोस." पुन्हा ओनेतेआच. "तुमची शाकाराची पानं पोचली. होडीतली माणसंही पोचली. सगळी नुसती शिंकतायत गं. आमच्या मानेआबाचं छप्पर घालायला आलीत की उडवायला? आणि तुझ्या तामोआचा पुढचा दात पडला. आता हसली की खिडकी उघडल्यासारखी दिसते."

"अकिनेती, हा सरकारी रेडिओ आहे."

"मग दात सरकारजमा कर. ओव्हर."

बटण सोडून

माइकचं बटण दाबलं की आपण बोलतो आणि सगळी बेटं ऐकतात. सोडलं की आपण ऐकतो. एकानं दाबून ठेवलं तर बाकी कुणालाच बोलता येत नाही. त्या यंत्राचं शास्त्र एवढंच.

राजधानी तारावाहून काबूता रोज सकाळी मौरी म्हणजे नमस्कार घालतो आणि बेटाबेटावरच्या नर्सांकडून आकडा घेतो. पण ऐकणाऱ्या फक्त नर्सा नसतात. दुकानदार ऐकतो, पाद्री ऐकतो, खोबऱ्याची पोती न्यायला आलेल्या जहाजावरचा खलाशी ऐकतो. कुठल्या बेटावर जुलाब सुरू झाले हे मंत्र्याच्या आधी तिथल्या जावयाला कळतं. म्हणून नर्स 'काही नाही' म्हणाली की गावाला बरं वाटतं. निष्कलंक बेट. आमच्या किरिबातीत माणसं थोडी आणि पाणी फार, नाव मात्र पाण्यावरून लांब जातं.

तिरोया तेबिकेची नर्स. नवरा परदेशी जहाजावर. तामोआ तिच्या पोटची, पण वाढतेय ओनेतेआवर, अकिनेतीकडे. अकिनेती तिची मावसबहीण आणि त्या बेटाची नर्स. तिला मूल नव्हतं. तामोआचं दूध सुटलं तेव्हा ती आली, तिरोयाच्या दारात जमिनीवर बसली आणि म्हणाली, बुबुती करते, ही मला दे.

बुबुती म्हणजे आपल्या माणसानं आपल्याकडे केलेलं मागणं. त्याला नाही म्हणता येत नाही. छत्री, सायकल, डुक्कर, मूल. नाही म्हणणाऱ्याचं नाव निघालं की लोक चटईकडे बघायला लागतात, आणि त्याची मुलं मोठी झाली तरी बघतच राहतात. पण देणाराही मागू शकतो. त्यालाही नाही म्हणता येत नाही.

तिरोयानं तामोआ दिली. मग रोज सकाळी काबूता ओरडेपर्यंत अकिनेती रेडिओवर जेवढी देईल तेवढी ती परत घेत राहिली. एक दात. एक गाणं. गुडघ्यावरचं खरचटणं.

बटण सोडून

इओआने सहा वर्षांचा होता. पडसं, ताप, डोळे लाल. आई म्हणाली, खाऱ्या पाण्यात फार डुंबतो. तिरोयानं त्याला उजेडाकडे तोंड करायला सांगितलं तर त्यानं हातानं डोळे झाकले.

"उजेड चावतो," तो म्हणाला.

तिनं त्याचं तोंड उघडून गालाची आतली बाजू पाहिली. लाल कातडीवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके. तिनं ते आधी एकदाच पाहिले होते, शिकत असताना, एका चित्रात. तिनं बोटाला फडकं गुंडाळून ते पुसून पाहिले. मीठ असतं तर निघालं असतं.

गोवर.

दवाखान्यातला लसीचा फ्रिज रॉकेलवर चालायचा. तो बंद पडून इतके महिने झाले होते की त्यावर आता कोंबडी बसायची. त्यानंतर जन्मलेल्या एकाही पोराला लस नव्हती, आणि त्याआधीच्या बऱ्याच जणांनाही नव्हती. इओआनेच्या शेजारच्या घरात तिला आणखी तिघं सापडली. शाळेजवळ दोन खोकत होती, त्यांच्या तोंडात अजून काही दिसत नव्हतं.

इओआने तेन बाउरोचा नातू. पुरुषाच्या नावाआधी आमच्याकडे तेन लागतं, बाईच्या नेई. बाउरोच्या घराण्याची मोठी शिडाची होडी किनाऱ्यावर तयार उभी होती. अळूचे कंद, माडीच्या गुळाचे डबे, नवीन चटया, बायका, पोरं, सगळा गोतावळा दोनेक दिवसांत वारा फिरला की ओनेतेआला निघणार होता. तिथे नवा मानेआबा उभा राहत होता, आणि पौर्णिमेला तो उघडायचा होता. एका छपराखाली सगळं गाव बसतं, जेवतं, भांडतं, झोपतं. पाहुणे धरून चारशे माणसं मांडीला मांडी लावून बसणार.

आणि त्यात एक पुढचा दात नसलेली मुलगी.

बटण सोडून

सकाळच्या रेडिओआधीच बाउरो आला. आत आला नाही. पायरीखाली जमिनीवर बसला. तिरोयाच्या सासऱ्याचा थोरला भाऊ, गावातला सगळ्यात मोठा म्हातारा, तो जमिनीवर बसतो म्हणजे काहीतरी मागायला आलाय.

"काय म्हणतो आमचा इओआने?"

"काका, गोवर आहे. उद्यापरवा अंगावर दिसेल. आणखी घरांत पण आहे."

"आमच्या लहानपणी येऊन गेला होता."

"तेव्हा किती गेले?"

बाउरो केवड्याच्या पानात तंबाखू गुंडाळत राहिला. पान फाटलं. त्यानं दुसरं घेतलं.

"तू आता ते यंत्रात सांगणार."

"सांगणारच ना. औषधं येतील, लस येईल, डॉक्टर येईल."

"आणि होड्या थांबवतील."

"थांबवायलाच हव्यात, काका."

"ऐक पोरी. ओनेतेआच्या पहिल्या मानेआबाचा पहिला खांब माझ्या पणजोबानं नेला. पाठीवरून. म्हणून तिथे नवं छप्पर चढलं की पहिला शब्द आमचा. मागच्या वेळी माझा बाप बोलला. मी त्याच्या मागे बसलो होतो, इओआनेएवढा. या वेळी आमची जागा रिकामी दिसली तर समोरच्या खांबाचे लोक टपून बसलेत. एकदा ते बोलले की बोलले. मग माझ्या नातवाच्या नातवालासुद्धा त्यांच्या मागे बसून उष्टं जेवावं लागेल."

"नातवाचा नातू व्हायला आधी नातू जगावा लागतो."

"जीभ झणझणीत आहे तुझी," बाउरो म्हणाला. "तीच मागायला आलोय."

विहिरीवर दोन बायका बादल्या खाली ठेवून उभ्या राहिल्या होत्या. आता सगळ्यांना कळणार होतं काय मागितलं ते.

"बुबुती करतो, नेई तिरोया. मानेआबा उघडेपर्यंत तेबिकेचा आकडा त्या यंत्रात बोलू नकोस. कुणाला चिठ्ठी नाही, कुणाला निरोप नाही. तुझं तोंड मला दे."

नाही म्हटलं तर काय होईल, हे तिनं उभ्या उभ्या मनात चालवून पाहिलं. ती आकडा सांगेल. तारावाहून हुकूम येईल, होड्या बंद. तो हुकूम बजावायला तेबिकेवर एकच पोलीस आहे, आणि तो बाउरोचा पुतण्या. तोच शीड चढवायला मदत करील. अपमान झालेला म्हातारा त्याच भरतीला निघेल, सगळी पोरं घेऊन, आणि मग त्याला कुणाचं काही ऐकायचं कारण उरणार नाही.

आकड्यानं होडी थांबणार नव्हती. पण दुसरी एक गोष्ट होती, जिनं थांबली असती.

"दिलं," ती म्हणाली.

बाउरोनं मान हलवली आणि उठायला लागला.

"बसा, काका. माझं राहिलंय."

तो अर्धवट उठलेला तसाच राहिला.

"बुबुती करते. मोठ्या होडीचं शीड मला द्या."

विहिरीवर एक बादली कलंडली. बाउरो तिच्याकडे बघत राहिला, आणि मग हसला. हसताना त्याच्या तोंडातही दात फार नव्हते.

"अगदी सासूवर गेलीस," तो म्हणाला. "ती पण असंच करायची. आधी वाढायची, मग ताट ओढायची."

"देता का?"

"विचारतेस काय? मागितलंस ना?"

दुपारी चौघांनी खांद्यावरून शीड आणून दवाखान्यात टाकलं. कुणी तिच्याशी बोललं नाही. दुसरी मोठी होडी पानं घेऊन आधीच ओनेतेआला गेलेली होती. लहान होड्यांना मधला प्रवाह झेपत नाही. नवीन शीड शिवता आलं असतं, पण दिलेल्या वस्तूची जागा लगेच भरून काढणं म्हणजे देणंच खोटं पाडणं, आणि बाउरो तसला माणूस नव्हता.

म्हणजे होडी थांबली. तिरोया पेटीवर बसली.

मग तिला अकिनेतीचं बोलणं आठवलं. सगळी नुसती शिंकतायत गं.

पडसं असेल. वाऱ्याचं असेल.

इओआनेलाही आधी पडसंच झालं होतं.

बटण दाबून

"तेबिके?"

"तेबिके इथे आहे. ओव्हर."

"हो, ते कळलं. आकडा?"

"तेबिके इथे आहे."

"बाई, बेट कुठे जाणार? किती आजारी ते सांग. की काही नाही?"

"तेबिके इथे आहे. ओव्हर."

"बॅटरी उतरली वाटतं हिची. ठीक. मी फळ्यावर रेघ मारून ठेवतो."

"काबूता, मला ओनेतेआशी बोलायचंय. अकिनेती, तामोआचे डोळे कसे आहेत?"

"डोळे? अगं तुझ्यासारखेच, माशासारखे. का गं?"

"नुसतं विचारलं."

"नाच शिकतेय ती. पौर्णिमेला पहिल्या रांगेत आहे. सगळ्या बेटांचे पाहुणे येणार आहेत, तू ये ना! ओनेतेआ काही नाही. ओव्हर."

बटण न दाबता

तिला खोटं बोलता येत नव्हतं. 'काही नाही' हे खोटं झालं असतं, आणि तोंड दिलं होतं ते गप्प राहण्यासाठी, खोटं बोलण्यासाठी नाही. म्हणून ती रोज सकाळी माइक हातात घ्यायची, तोंडाशी धरायची आणि अंगठा बटणापासून बाजूला ठेवून सगळं सांगायची, शिकवलं होतं तसं, बेटाचं नाव आधी.

(तेबिके. गोवर, नऊ. सगळी दहा वर्षांखालची. दोघांना कान फुटलेत. अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या संपल्या. ओव्हर.)

मग अंगठा खाली. तेबिके इथे आहे.

(तेबिके. गोवर, एकवीस. एका बाळंतिणीलाही आहे. तेन मारेवाच्या मुलाची छाती भरलीय, श्वास घेताना बरगड्यांच्या मधली जागा आत जाते. इंजेक्शनं पुरणार नाहीत. ओव्हर.)

तेबिके इथे आहे.

(तेबिके. तेन मारेवाचा मुलगा तेकाई वारला. गोवर, तेहेतीस. ज्यांच्या घरी जायचं राहिलं ते यात नाहीत. ओव्हर.)

तेबिके इथे आहे.

"तिरोया," काबूता म्हणाला. त्याच्या आवाजातली मस्करी आता पातळ झाली होती. "तुझी बॅटरी उतरलेली नाही. स्वच्छ ऐकू येतंय तुझं. एखादी कोंबडी खोकतेय तेसुद्धा ऐकू येतंय."

ती कोंबडी नव्हती.

"माझ्या फळ्यावर तुझ्या नावापुढे नुसत्या रेघा झाल्यात. रेघेसाठी विमान निघत नाही बाई. माझी काही चूक झाली का? बायकोबद्दल बोललो ते?"

तेबिके इथे आहे.

"बरं. कुणी काही मागितलंय का तुझ्याकडे?"

तोही आमच्यातलाच. त्याला विचारता येत होतं, तिला सांगता येत नव्हतं. सगळी बेटं ऐकत होती. बटण सुटलेलं होतं, आणि त्यातून पावसासारखी खरखर येत राहिली.

"अकिनेती," तिनं दाबून विचारलं, "तामोआचे डोळे कसे आहेत?"

"रोज काय डोळे! डोळ्यांचं लग्न ठरवतेस का?" अकिनेती हसली. "बरे आहेत. थोडी सर्दी आहे तिला. सगळ्यांनाच आहे, पानांच्या धुळीनं. ओनेतेआ काही नाही."

बटण सोडून

शीड तिनं खोलीत आडवं टांगलं. गोवराच्या पोरांना उजेड सहन होत नाही, आणि दवाखान्याला भिंती अर्ध्याच. शिडाखाली दिवसाही तांबूस अंधार राहायचा. त्या अंधारात चटयांवर पोरं ओळीनं, कुणाच्या तोंडात पाणी, कुणाच्या कपाळावर हात. आया बाहेरच्या उजेडातून आत आल्या की क्षणभर आपलं मूल ओळखू यायचं नाही.

आत येताना त्या तिरोयाशी बोलायच्या. बाहेर विहिरीवर बोलायच्या नाहीत.

"शीड पांघरून झोपते म्हणे."

"तिला काय, तिची पोरगी ओनेतेआवर आहे. आपली वाचवली म्हणजे झालं."

"होडी गेली असती तर आपली माणसं तिकडे पहिला शब्द बोलली असती ना. आता आपल्या नावानं कुणी बोलणार नाही."

दुसरं गेलं ते बाळंतिणीचं बाळ. तिसरी नेई ओता, पाद्र्याच्या शेजारची, गोरी गोरी, अंगावरचे डाग काळे पडून गेलेली.

त्या दिवशी तिरोया बाउरोच्या घरी गेली. तो उंच फळ्यांच्या बैठकीवर पाय सोडून बसला होता. ती मागायला खाली बसली नाही.

"ओता गेली."

"ऐकलं."

"तेकाई. मारिया बाईचं बाळ. ओता."

"मला नावं येतात, पोरी. ती माझ्याच गावची आहेत."

"औषध असतं तर—"

"मी तुझ्याकडे शीड परत मागितलं का?"

"नाही."

"वारा फिरून किती दिवस झाले. तरणी पोरं रोज येऊन मला विचारतात, होडी कधी? मी काय सांगतो? शीड दिलंय. मी एकदा तरी तुझ्या दारात आलो का, की बाई, तेवढं परत दे?"

"नाही, काका."

"मग तू का आलीस?"

दिलेलं परत मागता येत नाही. तिनं ते मागितलंही नव्हतं. फक्त नावं सांगितली होती. ती मान खाली घालून परत निघाली.

"इओआने कसा आहे?" त्यानं मागून विचारलं.

"पुरळ गेलं."

"मग बरं आहे."

"पुरळ गेलं, काका. ताप आहे. छातीत आहे."

ती वाटेला लागल्यावरही म्हाताऱ्याचे पाय तसेच लोंबकळत होते, लहान मुलासारखे, जमिनीला न टेकता.

बटण न दाबता

(तेबिके. गोवर, अठ्ठेचाळीस. मृत्यू, तीन. इओआने, वय सहा, ओठ निळे पडतायत. ऑक्सिजन नाही. मी त्याला बसवून ठेवते, पाठीला उशी देऊन. त्यानं विचारलं, आजोबा ओनेतेआला गेले का. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, मग पहिला शब्द कोण बोलणार. ओव्हर. ओव्हर. ओव्

बटण सोडून

पहाटेच्या भरतीला इओआने गेला.

बाउरो त्याला न्यायला आला. शिडाखाली तो पहिल्यांदाच येत होता. अंधारात त्याचा हात वर गेला आणि कापडावरून फिरत एका ठिगळापाशी थांबला. ते ठिगळ त्यानंच लावलं होतं, कधीतरी वादळानंतर. टाके मोठे होते, घाईतले. त्यानं ते बोटांनी चाचपले. खाली चटयांवरून पोरं त्याच्याकडे बघत होती, डोळे बारीक करून.

त्यानं मोजली नसावीत. पण शेवटच्या चटईपर्यंत त्याची नजर गेली आणि परत आली.

"यंत्र कुठे आहे?" तो म्हणाला.

"अजून वेळ व्हायचीय. काबूता यायचाय."

"तो यायच्या आधी."

"काका, मी बोलू शकत नाही. मी तुम्हाला—"

"तू नको बोलूस. तू दिलंयस ते माझ्याकडेच राहू दे. मला ते बटण दाखव."

तिनं दाखवलं. त्यानं आधी कमरेला गुंडाळलेली चटई नीट केली, मानेआबात उठताना करतात तशी. पाठ सरळ केली. माइक दोन्ही हातांत धरला, आणि सुकलेल्या मोठ्या अंगठ्यानं बटण दाबलं, इतकं जोरात की नख पांढरं झालं.

बटण दाबून

"मी बाउरो. तेबिकेचा. माझ्या पणजोबानं ओनेतेआला पहिला खांब नेला. तिथे पहिला शब्द माझा. मी तिथे येत नाही. माझा शब्द इथूनच ऐका.

"आमच्या बेटावर गोवर आहे. नर्सबाईचं तोंड मी मागून घेतलं होतं, म्हणून तुम्हाला कळलं नाही.

"तेकाई, तेन मारेवाचा मुलगा. मारियाचं बाळ, त्याचं नाव अजून ठेवायचं होतं. नेई ओता, तेन कौआची मुलगी. इओआने. माझा.

"चटयांवर अजून आहेत. कुणीही तेबिकेला येऊ नका. तेबिकेचं कुणी आलं तर त्याला पाण्यातूनच परत पाठवा, माझा भाऊ असला तरी. आमची पानांची होडी ओनेतेआला आहे. तिच्यातल्या माणसांना—"

इथे तो थांबला. अंगठा मात्र तसाच राहिला. म्हणून काही वेळ सगळ्या बेटांवर, दुकानांत, जहाजांवर, पाद्र्याच्या पडवीत, एका म्हाताऱ्या माणसाचा श्वास ऐकू येत होता आणि कुणालाही मध्ये बोलता येत नव्हतं.

तिरोयानं त्याचं बोट हळूच उचललं.

"तारावा बोलतोय," खरखरीतून काबूता आला. तो मौरी म्हणाला नाही. चहाचं काही बोलला नाही. "ऐकलं, आजोबा. सगळं ऐकलं. तिरोया, आता आकडा सांगतेस का?"

तिनं बाउरोकडे पाहिलं. त्यानं मान हलवली.

"तेबिके. गोवर, एकावन्न. मृत्यू, चार. लस नाही. अ जीवनसत्त्व नाही. ऑक्सिजन नाही. ओव्हर."

"विमानाला सांगतो. आजच्या आज. पोरांना पाणी पाजत राहा. बाकीची बेटं, आज थट्टा नको. एकेक जण नीट सांगा. ओनेतेआ?"

खरखर.

"ओनेतेआ, ऐकू येतंय का? अकिनेती?"

तिरोयानं माइक अजून खाली ठेवला नव्हता. बाउरो जमिनीवर बसला होता, पाठ भिंतीला, मागायला बसतात तसा. शिडाआड कुणीतरी खोकलं. उद्या पौर्णिमा होती. तिकडे छप्पर पुरं झालं असेल, पाहुण्यांच्या होड्या यायला लागल्या असतील, आणि कुणीतरी सकाळीच अकिनेतीच्या पायरीखाली येऊन जमिनीवर बसलं असेल.

"ओनेतेआ?"

"ओनेतेआ इथे आहे," अकिनेती म्हणाली.

"आकडा, अकिनेती. की काही नाही?"

"ओनेतेआ इथे आहे. ओव्हर."

तिरोयाचा अंगठा बटणावर गेला.

"अकिनेती. तामोआचे डोळे कसे आहेत?"

तिनं बटण सोडलं आणि ऐकत राहिली. मग पुन्हा दाबलं.

"तिचे डोळे कसे आहेत गं?"

सोडलं.

"ओनेतेआ इथे आहे."